उंची

समुद्राची खोली सगळेच विचारतात.
उंची विचारते ती मी,
तीही पगारी.

कुलाब्यात, तिसऱ्या मजल्यावर, एसीमुळे शाल गुंडाळून
उपग्रहाचे आकडे निवडत बसते,
तांदूळ निवडावेत तसे.
तेराशे किलोमीटर वरून तो हाक घालतो,
पाणी ओ देतं.
पापणी लवायला नुसती निघालेली असते,
तेवढ्यात हे झालेलंही असतं,
आणि त्या तेवढ्यातच कुठेतरी
समुद्र किती वर आलाय ते असतं.

भर दर्यातली ओ सह्याद्रीसारखी:
कोकणातून सरळ कडा,
मग देशावर निवांत उतरत गेलेलं पठार.
दर्या खवळलेला असला की कडा जरा कलतो, इतकंच.
मग मी उधाण वजा करते, भांग वजा करते,
हवेचा भार, हवेतली वाफ,
सगळं वजा.
उरतात वर्षाला तीन-चार मिलिमीटर.
मसुराचा एक दाणा.

मुंबई जवळ आली की मात्र गोंधळ.
वरळीचे टॉवर, सेतूचे दोर, नांगरलेली जहाजं,
सुकतीला उघडा पडलेला चिखल,
एका नावाला सगळा वर्ग हजर म्हणतो.
अशा ओळी खोडायच्या, हा नियम.
किनाऱ्यालगतची दहा-बारा किलोमीटरची पट्टी
माझ्या नकाशावर पांढरी आहे.

त्या पांढऱ्याच्या काठाला धर्माजी नाखवाची खोली.
दहा बाय बारा, कोळीवाड्यात.
ही खोली बिल्डर सोडून कुणी विचारत नाही.
भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा: हंसा, चार वर्षं. हंसा, सात.
त्यांच्या खाली खिळ्याचे ओरखडे,
तेही उंचीचेच. पाण्याच्या.
"बाय, तुमचा तो बघतो वरून.
पानी येतं खालून, मोरीतून."

मी टेप लावली.
चार वर्षांची हंसा अडीच फूट भरली.
"दोनदा कोबा चढवला ना," धर्माजी म्हणाला,
"वीतभर जमीन वर आली.
पयले ओरखडे खाली गेले. पोर बुटकी झाली."

मग शून्य कुठे धरायचं?
आम्ही पृथ्वीच्या मध्यापासून मोजतो, मी सांगितलं.
त्याने ते ऐकून घेतलं, पाहुण्याचं घ्यावं तसं.
"उंबऱ्यापासून धर," म्हणाला.
आणि जरा थांबून,
"पन कुठल्या? तिसरा हाय हा."

आज पुनव. सव्वाबाराला भरती.
दहा दिवसांच्या फेरीत आज वरळीची पाळी,
अकरा चाळीसला तो डोक्यावरून जाईल,
हाक घालील,
आलेली ओ मी उद्या खोडीन.

धर्माजीची बायको मोरीच्या तोंडावर पाटा सरकवते,
हाताने दाबून बघते, हलतो का,
मग स्वतःच त्यावर बसून
कोलंबी सोलायला घेते.