चीट

सकाळी नऊ चाळीसला परदेशातून मेल आली
अक्कलकोट रोडच्या आमच्या कारखान्यात,
जिथे ऑफिसातल्या पंख्यालाही
सुताची पांढरी लव फुटलेली असते.
माल नको म्हणाले. नमुना चिंट्सी वाटतो.

पंधरा वर्षं मी ऑर्डरींची इंग्रजी वाचते आहे.
डझन, शेड, शिपमेंट,
उशीर झाला की ‘रिग्रेट’.
हा कधी भेटला नव्हता.
कोश उघडला:
भडक. हलका. दिखाऊ. स्वस्तातला.
आणि अगदी तळाशी, बारीक टायपात,
जिथपर्यंत सहसा कोणी उतरत नाही,
त्याचं मूळ गाव: छींट.

म्हणजे आपली चीट.
आत्याच्या लग्नातल्या फोटोत
मी घातलेला चिटाचा परकर,
लाल जमिनीवर पिवळी बुट्टी.
फोटो काळा-पांढरा आहे,
तरी लाल मला आठवतो.

राजेशम कुरापाटी दारात उभे होते.
नमुना त्यांचा. दोन रात्री बसून
ठिपके मोजून कागदावर उतरवलेला.
“काय म्हनतोय सायब?”

सांगितलं. सगळंच सांगितलं.
की एके काळी या कापडासाठी
तिकडच्या बायका वेड्या झाल्या होत्या.
की मग त्यांच्या गिरण्या तेच छापू लागल्या, ढिगानं,
आणि ढीग झाल्यावर नाव पडलं.

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत.
तुकडा उलटा करून मागची वीण बघत म्हणाले,
“आमचा एल्लप्पा भिवंडीला गेलता.
तिथं त्याला मद्राशी म्हनायचे.
मद्रास कुठं बघितलंय त्यानं?
साखर पेठेत जन्मला, मराठी शाळेत शिकला.
सहा वर्षांनी आला, तर
हाक मारली की वळायचाच नाही
एल्लप्पा म्हटल्यावर.”

मग मला चेव आला.
मी त्यांना पंदिकोक्कु सांगितला.
त्यांच्याच घरचा, तेलुगू,
डुकराएवढी घूस, गोदामात सुताचे कोन कुरतडणारी.
इंग्रजांनी तो उचलला, बँडिकूट केला,
आणि पार ऑस्ट्रेलियात नेऊन
एका भलत्याच जनावराच्या गळ्यात बांधला.
पोटाला पिशवी आहे त्याच्या.
घुशीचं ना नातं ना गोतं.

आता मात्र कुरापाटी हसले.
“पिशवी? पंदिकोक्कुला?”
बाहेर जाऊन त्यांनी ते कांडीवाल्या बायकांना
तेलुगूत सांगितलं असावं,
कारण तिकडून मोठ्यांदा हशा आला.
एकीनं विचारलंही,
“पिशवीत काय ठेवतं वो, पगार?”

तेवढ्यात लाईट गेली.

चाळीस माग एकदम थांबले
आणि कानात नुसती शांतता वाजायला लागली.
लाईट. बघा ना.
बाहेर टळटळीत ऊन, अंधार कुठेच नाही,
तरी लाईट गेली म्हणजे काय, हे
इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं:
माग गेला, तासाची मजुरी गेली,
मोटर, पंखा, पाण्याचा पंप गेला.
त्यांच्याकडे दिव्याएवढा होता हा शब्द.
आपण त्याच्या खांद्यावर अख्खा पूर्व भाग दिला,
त्याला न विचारता.

तेव्हा मी कोण, तक्रार करणार?

इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर तेवढा चालू होता.
मी उत्तर लिहिलं: आपला अभिप्राय मिळाला.
साधा निळा पट्टा पाठवतो.
चिटाबद्दल एक ओळ लिहिली होती खाली,
इतिहासाची, जरा खोचक.
वाचली. पुसली. परत लिहिली.
मालक आत आले तेव्हा ती तिथेच होती.

नाकारलेले तुकडे कुरापाटींनी वाटून टाकले.
एक माझ्या डब्याभोवती असतो आता,
शेंगाचटणीचं तेल लागून
पिवळे ठिपके वाढत चाललेत.

कोन ठेवतात त्या खोलीत काल
पुन्हा काहीतरी कुरतडल्याचा आवाज आला.
कुरापाटी काठी घेऊन निघाले
आणि दारातच थांबून म्हणाले,
“बघतो आधी, पिशवी आहे का.”