येतेरच्या दुकानात

तोकातमध्ये, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत
येतेरचं युफ्क्याचं दुकान.
वर माझी खोली. भाडं पाच तारखेला,
तुर्कीची शिकवणी फुकट,
तिचं लाटणं चालू असेपर्यंत.

लाटणं बोटाएवढं जाड, हाताहून लांब.
पोळी इतकी पातळ
की तिच्याआडून समोरच्या न्हाव्याचा आरसा दिसावा.

पहिल्या दिवशी शिकले : ओ.
तो म्हणजे ओ, ती म्हणजे ओ, तेसुद्धा ओ.
केवढा आनंद झाला मला.
माझ्या भाषेत दार वाजलं
तर आला की आली हे ठरवल्याशिवाय
कुणाला वाक्यात घेता येत नाही.
इथे नुसता ओ,
कणकेचा गोळा,
अजून न लाटलेला.

"थांब," येतेर म्हणाली,
"म्हणी यायच्यात अजून."

आल्या.
केस लांब, अक्कल आखूड :
ही निवृत्त मास्तरांनी सांगितली, टोपी काढून.
टोपीखाली एकही केस नव्हता.
त्या हिशेबानं त्यांची अक्कल
नदीपर्यंत पोचायला हवी होती.

कणकेच्या हातांनी पुरुषांच्या कामात पडू नये :
ही वीजबिलाच्या खिडकीवर, नगरपालिकेत, बँकेत.
कणीक मात्र सगळे तिच्याच हातची खात.

आणि एक आली, तिला मी उंबऱ्यावरच ओळखलं.
लेकी बोले सुने लागे!
"ही तर आमची," मी ओरडले.
"आमची आहे," येतेर म्हणाली, जरा रागानंच.
मग लाटणं हवेत धरून म्हणाली,
"घेऊन जा. भांडण्यासारखी वस्तू नाही ही."

शेजारच्या गॅरेजात झिहनी
जुन्या गाडीचं बॉनेट थोपटून गिऱ्हाइकाला सांगतो,
पोरीसारखी आहे.
म्हणजे कुणी न हाताळलेली.
आणि काम नीट झालं
की ते पुरुषासारखं झालेलं असतं.
त्या गाडीखाली दोन दिवस पाठीवर पडून होती
येतेरची मुलगी इल्काय.
संध्याकाळी ती ग्रीस पुसत बाहेर आली.
"पुरुषासारखं केलंस हो, पोरी!"
तिनं पैसे मोजले. पन्नास कमी होते.

एकदा मी येतेरला तिच्या नावाचा अर्थ विचारला.
"पुरे," ती म्हणाली.
मला वाटलं, प्रश्न पुरे.
"नाही गं, तेच नाव. चौथी मुलगी मी.
बापानं देवाला निरोप धाडला : पुरे आता.
माझ्यानंतरही एक झालीच.
देवाला तुर्की येत नसावं."

मग मी तिला आमच्याकडचं एक नाव सांगितलं,
नकोशा.
तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं,
ओट्यावरच्या पिठात बोटानं लिहिलं, चुकीचं,
आणि त्या जागेवर दुपारपर्यंत
काही लाटलं नाही.

बुधवारी, बाजाराच्या दिवशी, रांगेत हुलुसी बे.
इल्काय एकटी सामसूनला कामाला निघाली
हे त्यांच्या कानावर आलेलं.
त्यांनी ती म्हण म्हटली, यमक सांभाळत,
जिभेवर खडीसाखर घोळवावी तशी :
जो लेकीला बडवत नाही
तो पुढे आपलेच गुडघे बडवतो.

रांग हसली. मागची एक बाईही हसली,
सवयीनं.

लाटणं थांबलं.
"येतेर," येतेर म्हणाली.

"नाव ठाऊक आहे, बाई," हुलुसी बे म्हणाले,
"चाळीस वर्षं येतोय मी इथे."

"येतेर."

आता त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं.
पुडकं उचललं. सुटे पैसे तिथेच राहिले.

ते वळणाआड गेल्यावर मी हळूच विचारलं,
ओ नेहमी असंच बोलतो का?

"कोण ओ?" ती म्हणाली,
आणि पुढचा गोळा घेतला.