खिशातलं लोहचुंबक

म्हापशाच्या दुकानात शिरलो तेव्हा
सदऱ्याच्या खिशात लोहचुंबक होतं.
एकतीस वर्षं दिवाडीच्या फेरीबोटीत
इंजिनाशेजारी काढली आहेत.
चकाकी दाखवून मला कुणी फसवू नये.

पोराचं नाव एल्टन. त्यानं खोका उघडला.
"अंकल, प्युअर स्टेनलेस."
मी चुंबक लावलं.
टक्.
गोचिडीसारखं चिकटलं.
पोरगं हसलं, मग मीही,
मग त्यानं शिडी लावून
माळ्यावरचा माल खाली काढला.

गेल्या वर्षी शुक्रवारच्या बाजारातून
डझनभर आणले होते, प्लास्टिकचे, बाहुल्यांच्या छत्र्यांसारखे.
श्रावणात त्यांच्या पोटात पाणी, पाण्यात मुंग्या.
नागपंचमीला दोन पेटत होते.
चवथीला एकही नाही.
काड्या अजून उभ्या आहेत अबोलीच्या वाफ्यात,
शालन त्यांच्यावर वालीची वेल चढवते.

खारं वारं म्हणजे काय
ते कंपनीच्या कागदावर लिहीत नाहीत.
मांडवीची खार रात्री भिंत चढून येते,
कुलपात शिरते,
चष्म्याच्या बिजागरीत शिरते.
फेरीच्या फळीची साखळी, तिची एक कडी
मी बोटांनी मोडली आहे एकदा,
बिस्किटासारखी.

तर मी विचारत गेलो.
काचेखालचं रबर खरं, की नुसतं दाखवायला?
स्क्रू कशाचे?
बॅटरी बदलता येते?
ज्याचं पोट उघडता येत नाही ते यंत्र नव्हे, बाबा,
ते पाहुणं.
येतं, चार दिवस राहतं, जातं.

"दोन वर्षांची गॅरंटी," एल्टन म्हणाला.
"कुणाची?" मी विचारलं.
तो कागद उलटून शोधायला लागला,
तेव्हा सांगावं लागलं की विनोद होता.

नऊ घेतले.
वाट आधीच मोजून ठेवली होती:
दारापासून फाटकापर्यंत माझी चाळीस पावलं,
शालनची चौसष्ट.
तिच्या पावलांनी हिशेब केला, सातांना एक.

तिच्या डोळ्यांचं असं झालंय,
समोरचं जातं, कडेचं राहतं.
सुई दिसत नाही, पण
कुंपणाबाहेरून कोण गेलं ते अचूक सांगते.
म्हणून दिवे कडेला, गुडघ्याच्या खाली,
तोंडं जमिनीकडे,
आणि उजेड पिवळट.
पांढऱ्यात तिला जांभ्याची पायरी
आणि पायरीची सावली एकच वाटते.
एल्टनला हे सगळं सांगितलं नाही.
"पिवळे दे," एवढंच म्हटलं.

रविवारी पहारीनं खड्डे केले,
तळाशी खडी, वर सिमेंट,
कंबर धरून तीनदा बसलो.
सातच्या सुमाराला एकेक लागत गेला,
कुणी फुंकर न घालता, काडी न ओढता.
आम्ही दोघं पायरीवर बसून
उगाच मोजत होतो.

आठवा फणसाखालचा.
तो तासाभरात विझला.
दिवसभर ऊन नाही पोटात, जळणार कशावर?
"उद्या हलवतो त्याला," मी म्हटलं.

शालन तिथवर गेली होती.
मान तिरकी करून उभी,
कोंबडी बघते तशी, हल्ली ती अशीच बघते.
"नको," म्हणाली.
"असू दे. इथे अंधार लागला
की मला कळतं, फाटक आलं."

मी म्हटलं, अगं, पण पैसे मोजलेत.
तिनं उत्तर दिलं नाही,
आठ पावलं टाकली
आणि कडीवर हात ठेवला, बरोबर कडीवर.

आता रोज सकाळी जुन्या बनियनचा तुकडा ओला करून
मी काचा पुसत जातो,
वटवाघळांची घाण, धूळ, खारीचा पांढरा पापुद्रा.
आठवाही पुसतो.
मोडलेला नाहीये तो.