महाप्याला हलवू

सतरा सेकंद.
घणसोलीतल्या दुकानात, सुक्या मासळीच्या वासात
आम्ही दोघं एका पांढऱ्या पडद्याकडे बघत बसलो.
फुलवंती भोईर म्हणाल्या,
एवढ्या वेळात मी पावशेर जवळा निवडते.

फोटो मी आधीच बारीक केले होते,
नातवाने काढलेले, एकेक सहा एमबी,
बोंबलाचा काटा न् काटा मोजता येईल असे.
नको ती प्लगिनं काढली. कॅश लावली.
सतराचे चौदा झाले.

मग खरं ते सांगून टाकलं:
नव्व्याण्णव रुपयांत जागा घेतलीत,
तिथं एका मशीनवर आणखी चारशे बिऱ्हाडं.
आणि मशीन कुठं, तर जर्मनीत.
जवळ आणू. महिन्याला साडेआठशे.

जवळ म्हणजे?

महाप्याला. नाल्याकडेची ती
बिनखिडक्यांची इमारत.

त्यांनी हातातले सोडे परत टोपलीत सोडले.
"थं आमचं खाचर व्हतं.
सासऱ्यानं सही केली तवा मी नवी नवरी."

एव्हाना पडद्यावर पहिला बोंबील उमटत होता,
डोक्याकडून, अर्धाच.

"आपल्याच शेतात आता भाडं भरायचं?"

मी माऊस उगाच हलवत राहिलो.

"हलव," त्या म्हणाल्या.
"पावती मात्र माझ्या नावाची."