खिळे

छापखाना बंद झाला तेव्हा मालकानं शेवटचा पगार
वजनावर दिला.
साडेचार किलो शिसं. बाच्या चंचीत मावलं तेवढं चंचीत,
उरलेलं पिठाच्या डब्यात.
शहापूर, खडेबाजार. वर माडीवर मागाचा खडखडाट,
खाली आम्ही.

कधी सुरू झालं आठवत नाही.
वडगावचा एक विणकर आला, पोरीला धारवाडचं स्थळ, द्यावं की नको.
बा म्हणाला, मला काय कळतंय,
आणि चंची पुढं केली. काढ तीन.

खिळा उलटा असतो, आरशातल्यासारखा.
बाला सुलटंच वाचायला जड जायचं,
पेपर तो जरा तिरका धरायचा.
ठ आला: विहीर आहे, पाणी आहे, पण कठडा धरून वाक.
ळ आला: थांब. ळनं कुठला शब्द सुरू होत नाही,
तुझ्याआधी कुणीतरी जायला पाहिजे.
नुसता काना आला की हसायचा,
ह्याला एकट्याला कोण विचारतंय, जा, संगं कुणाला तरी घे.
झिजलेला श्री निघाला तर म्हणायचा,
पत्रिका छापून छापून दमलाय हा, ह्याच्याकडं मागू नको काही.
आणि कोरा, ज्यावर अक्षरच नाही,
दोन शब्दांच्या मधे घालतात तो:
त्यावर बा बोलायचा नाही.
मला म्हणायचा, चहा टाक.

येळ्ळूरचा भरमा कंडक्टरच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसत होता.
त्याला तिन्हीच्या तिन्ही कानडी निघाले.
बानं तळहातावर फिरवले, चष्म्याजवळ नेले.
हे बसाप्पाच्या केसमधले.
तीस वर्षं दोघं पाठीला पाठ लावून उभे,
हा मुलाकडची पत्रिका जुळवायचा, तो मुलीकडची,
मांडव एकच, मुहूर्त एकच.
बसाप्पाला विचारायला पाहिजे, बा म्हणाला.
बसाप्पा हुक्केरीला लेकाकडं राहायला गेला होता
आणि तिथंच वारला होता, ते त्याला ठाऊक होतं.
भरमा नापास झाला. पुढं त्यानं उसाच्या रसाचं गुऱ्हाळ टाकलं,
दर उन्हाळ्यात आमच्याकडं एक तांब्या भरून यायचा.
कौल बरोबर आला की चुकला, मी अजून ठरवतेय.

बा गेल्यावर मोडवाला आला, शिशाचा भाव सांगितला.
मी म्हटलं, शनिवारी ये.
त्या रात्री चंचीत हात घातला.
प्रश्न इथं सांगत नाही. मोठा नव्हता.
एकच काढला. कानडी.

पन्नास वर्षं इथं काढली,
बसचा बोर्ड मला नुसत्या आकारावरून कळतो.
कुंकवात खोबरेल कालवलं,
हेस्कॉमच्या बिलाच्या पाठीवर खिळा दाबला
आणि जिना चढून गेले.
माडीवर आता माग नाहीत,
कोप्पळची एक मास्तरीण राहते, महादेवी.
तिनं बिल दिव्याखाली धरलं.
बा, ती म्हणाली.
काय?
बा. म्हणजे ये. या की हो आत, दारात का उभं?

आत गेले.
तिनं जोंधळ्याची भाकरी वाढली, शेंगाचटणी, वर कच्चं तेल.
मी आधी मोरीत जाऊन हात धुतले, दोनदा.
शिसं आहे, बा म्हणायचा,
पोटात जाऊ नये.