सांधा

तुर्कूत नोव्हेंबरचा सूर्य
नऊ वाजता येतो, तिनाला आवरायला घेतो,
चहाला न थांबणाऱ्या पाहुण्यासारखा.

तळघरात सायक्लोट्रॉन पहाटेपासून गुरगुरतोय.
त्यातून निघणारा कार्बन
वीस मिनिटांत निम्मा होतो,
आणखी विसांत निम्म्याचा निम्मा;
दुपारच्या कॉफीपर्यंत
कुपीत फक्त कुपी उरते.

म्हणून आम्ही धावतो.
शिशाच्या भिंतीआड हिल्लेवी
यांत्रिक चिमट्यांनी तो कार्बन
नव्या औषधाच्या अंगाला टाचते.
औषधाला नाव नाही अजून, आकडा आहे : एकेचाळीस-सतरा.
नऊ वर्षं लागली त्याला कुपीत यायला.
आज टोचायचं ते इतकंसं
की शितानं हसावं. पण भाताची परीक्षा
त्याच्यावरच.

पूर्वी एकेका उत्तरासाठी
तासातासाला एक उंदीर जायचा.
आता तोच उंदीर सोमवारी यंत्रात झोपतो,
गुरुवारी झोपतो,
उठतो, मिशा पुसतो.
त्याच्यानंतर माणसं.

आजचं माणूस राउनो. गोदीत छत्तीस वर्षं वेल्डर.
एमआरआयआधी विचारावंच लागतं मला :
डोळ्यात कधी धातूचा कण?
तो हसला. "कण? मोजून सांगू?"
मग आधी डोळ्यांचा एक्स-रे. सुदैवानं स्वच्छ.

बाकावर आडवा होताना म्हणाला,
"म्हणजे मला न उघडता आतलं बघणार तुम्ही.
आमचंही तेच. जहाजाचा सांधा
कापून थोडाच बघतात?
फिल्म लावायची. काळी रेघ दिसली
की सांधा पुन्हा."

नव्वद मिनिटं
डोकं मुखवट्यात, हात पोटावर.
पडद्यावर पहिल्या मिनिटाला रक्तवाहिन्या उजळल्या,
जबडा उजळला, टाळूची कड.
आत काळोख.
पाचव्या मिनिटाला काळोख.
चाळिसाव्या मिनिटाला
मी रंगांची पट्टी वरखाली करून बघितली,
चष्मा पुसला.
औषध मेंदूच्या दारापर्यंत आलं होतं,
कडी वाजवून
गेलं.

मुखवटा काढल्यावर राउनोनं विचारलं, "पोहोचलं?"
मला सांगता येत नाही, हे सांगितलं.
गालांवर जाळीचे वळ घेऊन
तो बुटांच्या नाड्या बांधत राहिला.
त्याची इर्या त्याला हल्ली
स्वतःच्या भावाच्या नावानं हाक मारते.
हे त्यानं अर्जात लिहिलं नव्हतं;
रांगेत कोट काढताना बोलला होता.

आणखी सातजण झाले. सातही काळोख.
मार्चमध्ये औरा नदीवरचा बर्फ फुटला
आणि एकेचाळीस-सतरा थांबलं.
केमिस्टांनी त्या दिवशी दालचिनीचे पाव
न बोलता खाल्ले.
कोणी म्हणालं, तीन हजार रुग्णांवर,
पाच वर्षांनी कळलं असतं.
कोणी मान हलवली.
बशीत एक पाव तसाच राहिला.

पत्र मिळाल्यावर राउनोचा फोन आला.
"गोदीतच सापडली ना भेग?"
"हो."
"मग चांगलंच. समुद्रात सापडणाऱ्या मी बघितल्यात."
मागे रेडिओ चालू होता, कोणी तरी भांडी आपटत होतं.
"इर्याला काय सांगायचं हा प्रश्न होता,"
तो म्हणाला. "पण ती विचारत नाही."

मी काहीच बोलले नाही.
त्याची ती प्रतिमा माझ्याकडे अजून आहे, क्रमांकाखाली, नावाशिवाय :
कडेनं उजेड, मधे अंधार,
रात्री गोदीत उभ्या
अर्धवट जहाजासारखी.

"पुढचं कधी?" त्यानं विचारलं.
म्हटलं, एक आहे, एकेचाळीस-त्रेसष्ट,
पण तुम्हाला वर्षभर घेता येणार नाही,
किरणांचाही हिशोब असतो.

"वर्षानं, मग,"
आणि त्यानं तारीख लिहून घेतली,
पेन्सिल शोधायला
बराच वेळ लावून.