भोकाची जागा

सेंट पॉलमध्ये जानेवारीत दुकानाचं दार
दिवसातून चारदा उघडतं, फार तर.
बाकी वेळ मी आणि हीटर.
येणारे येतात ते बहुतेक एक सेंट घेऊन,
मुठीत असा धरून, जणू आत पाखरू आहे.
"सालातला आकडा दुहेरी दिसतोय, ट्वेट.
दुर्मिळ ना?"

मी भिंग लावतो. दहापट.
दुसरा आकडा पायरीसारखा सपाट, दबलेला.
ठसा उठताना यंत्र जरा हललं, एवढंच.
साचाच दोनदा उमटला असता
तर अंक फुगीर दिसले असते, कोपऱ्यांना खाच असती.
"किती येतील?"
"एक सेंट."
हसत नाही कोणी.

परवा एकाने क्वार्टर आणलं, कड आत मुडपलेली,
लाँड्रीच्या ड्रायरमध्ये अडकून महिनोन्‌महिने गरगरलेलं.
त्याला वाटत होतं, टांकसाळीत कुणाला डुलकी लागली असावी.
मी नेहमीचं सांगितलं:
चूक व्हायची ती ठसा पडेपर्यंतच.
पुढे होतं ते नुसतं नुकसान.
चाळीस वर्षं हे वाक्य चलनात आहे माझ्या.
अक्षरं पुसट झालीत, पण चालतं.

मग माय यिया लोर आली,
जेवणाच्या डब्यात तिच्या आत्याचा कमरपट्टा घेऊन.
काळं कापड, गुलाबी धागा, चांदीची एकोणीस नाणी,
लाओसच्या डोंगरातून इथवर आलेली.
आत्याला जाऊन सोळा दिवस झाले होते
आणि चुलतभावांना वाटणी हवी होती.
"सगळ्यांना भोकं आहेत," मी म्हणालो.
"भोक म्हणजे नुकसान. चांदीच्या वजनाने धरा."
ती म्हणाली, "भोक नसतं तर लावली कशी असती?"
मी वजनकाट्याकडे वळलो.

अकरावं नाणं पियास्त्र. एकोणीसशे सात.
किरणांचा मुकुट घातलेली बसलेली बाई,
आणि तिच्या पायाशी कडेचा घास घेतलेला, अर्धचंद्र.
कुणी कानसलं असेल, असं धरून चाललो होतो.
पण कानशीचे ओरखडे नाहीत.
घासाजवळची अक्षरं त्या पोकळीकडे ओघळलेली,
आणि बरोबर समोरच्या बाजूला
कड उठलीच नाहीये, विरून गेलीय.
जिथे रेटायला पलीकडे धातू नव्हता
तिथे अलीकडेही कड उभी राहिली नाही.
हे हाताने करता येत नाही कुणाला.
पत्र्यातून चकती कापतानाच
शेजारच्या भोकावर पडली होती ती.
अस्सल चूक. मी खुर्चीत सरळ झालो.
आणि मग ते भोक.
कुणा अडाण्याने पाडलं हे, मी मनात म्हणालो,
आणि तेही वाकड्या जागी!
बाकी अठरा बायका ताठ बसलेल्या,
ही एकटी कुशीवर.

पट्टा टेबलावर पसरून
नाणं त्याच्या जागी परत ठेवलं, तेव्हा कळलं.
भोक तिथे असल्यामुळे
घास शेजारच्या नाण्याखाली जात होता.
पूर्ण झाकला जात होता.
दिव्याखाली खिळा हातात धरून
कुणीतरी हे नाणं माझ्याआधी फिरवून फिरवून पाहिलं होतं.
पाठीमागे खिळ्याने काढलेला धातूचा ओठ
कापडावर घासून घासून गुळगुळीत झालेला.

"कुणी पाडलं हे?"
"माहीत नाही," ती म्हणाली. "आत्याच्याही आधीचं आहे.
चांगलं आहे का?"

माझ्याकडे पुठ्ठ्याची पाकिटं असतात,
त्यावर दोन चौकटी. एकीत खूण करायची.
मी पेन उघडलं, परत बंद केलं.
म्हटलं, भोक नसतं तर पुष्कळ आले असते.
म्हटलं, तसं ते... आणि पुढचं सुचेना.
चुलतभावांसाठी एका कागदावर
चांदीचं वजन लिहून दिलं, एकोणिसांचं मिळून.

तिने पट्टा उचलला. सगळी नाणी वाजली.
माझा बाप म्हणायचा, डोळ्यांना फसवता येतं,
नाणं वाजवून घे.
मी कान लावला.
त्यातलं ते कुठलं,
मला वेगळं काढता आलं नाही.